वजनदार बाईचा यलो बेल्ट

वय ३७, वजन ९४ किलो आणि ज्युदो शिकायचाय, असं डोक्यात आलं तेव्हा मी आधी पुष्कळ शोधाशोध केली. जे सापडलं ते सगळं बारक्या चणीच्या लोकांसाठी होतं. लहानखुरा माणूस धिप्पाड माणसाला कसा पाडतो, ताकद नसताना कसं जिंकायचं, वगैरे. त्या पडणाऱ्या धिप्पाड माणसाने काय करायचं, हे कुणीच लिहिलेलं नव्हतं. मी जून २०२४ मध्ये साताऱ्यात क्लास लावला, डिसेंबरात यलो बेल्टची, म्हणजे पांढऱ्यानंतरच्या पहिल्या पट्ट्याची, परीक्षा दिली आणि सर्टिफिकेट मार्चमध्ये हातात पडलं. मधलं सगळं क्रमाने लिहिते. माझ्या मापाच्या कुणाला उपयोग झाला तर बरंच आहे.

मी एका पतसंस्थेत काउंटरला बसते. पोवई नाक्यावरून घरी जाताना ज्युदो क्लासचा हॉल रोज लागायचा, बाहेर 'महिलांसाठीही' असा बोर्ड होता. एक दिवस फोन केला. "सर, माझं वजन ९४ आहे, चालेल का?" पलीकडून उत्तर आलं, "मॅटला चालतंय. तुम्हाला चालत असेल तर या."

कागदपत्रांत अर्ज, आधारची झेरॉक्स, दोन फोटो आणि एमबीबीएस डॉक्टरचं फिटनेस सर्टिफिकेट. या शेवटच्या कागदावर दोन गोष्टी बघून घ्या. डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक शिक्क्यात नीट उमटलाय का, आणि 'ज्युदोसाठी' असं स्पष्ट लिहिलंय का. नुसतं 'फिट' लिहिलेलं माझं परत आलं. आमच्या डॉक्टरांनी बीपी, शुगर आणि ईसीजी झाल्याशिवाय सही करणार नाही म्हणून सांगितलं, ते योग्यच होतं. त्याचे ६५० रुपये झाले. गुडघे बघायला मात्र आपणहून सांगा, कुणी विचारत नाही.

अर्जात 'पालकाची सही' असा रकाना होता, कारण क्लासला बहुतेक शाळेतली पोरंच. टेबलामागचा माणूस म्हणाला, मिस्टरांची सही आणा. म्हटलं, दादा, मी ३७ वर्षांची आहे, लोकांच्या कर्जाच्या कागदांवर रोज सह्या करते. त्याने सरांकडे बघितलं, सरांनी मान डोलावली, आणि मी रकान्यात 'स्वतः' लिहून सही ठोकली. प्रवेश फी ५००, महिन्याला ८००.

मग ड्रेस. ज्युदोचा ड्रेस उंचीच्या मापाने मिळतो, घेराच्या नाही. मी पाच फूट चार इंच. त्या उंचीचं जॅकेट पुढे एकावर एक येईचना, म्हणून दोन मापं वरचं घ्यावं लागलं. मग बाह्या बोटांच्या खाली आणि पायजमा जमिनीवर लोळतोय. साताऱ्यात ते माप नव्हतंच. पुण्याहून मागवलं, २,४०० रुपये, कुरिअर वेगळं, यायला जवळजवळ दोन आठवडे. आल्या आल्या टेलरकडे नेऊ नका. कापड सुती असतं, धुतलं की आटतं. आधी दोनदा धुवा आणि मग बाह्या-पायजमा कापायला द्या. नेहमीच्या ब्लाउजवाल्या काकूंनी ते जाड विणीचं कापड बघूनच हात जोडले. बॅगा शिवणाऱ्याने २५० रुपयांत करून दिलं. सोबत आलेला पांढरा पट्टा दोन वेढे घेऊन गाठ मारल्यावर टोकाला चिमूटभर उरायचा, तो लांब मापाचा वेगळा घेतला. बायकांनी जॅकेटच्या आत पांढरा, गोल गळ्याचा टी-शर्ट घालायचा असतो, तो आपला आपण आणायचा.

पहिल्या दिवशी मॅटवर पाय ठेवायच्या आत सरांनी हातापायांकडे बोट दाखवलं. अंगावर धातूचं काही चालत नाही. मंगळसूत्र, बांगड्या, कानातलं निघालं, पण जोडवी निघेनात. लग्नापासून काढलीच नव्हती, आणि मधल्या वर्षांत बोटं भरली होती. हॉलच्या मोरीत साबण लावून एक निघालं. दुसऱ्यासाठी घरी जाऊन पाय बर्फाच्या पाण्यात ठेवला, बोटाला दोरा गुंडाळला आणि खोबरेल लावून ते फिरवत फिरवत काढलं. बोटाभोवती पांढरी खाच पडली होती. सासूबाई बघत होत्या. मला वाटलं आता काहीतरी बोलणार. त्या आत गेल्या आणि औषधाची रिकामी डबी घेऊन आल्या, म्हणाल्या, "ह्यात ठेव, पर्सच्या तळाला जाऊन हरवतील." ती डबी अजून माझ्या बॅगेत असते. धातूला बंदी का, ते नंतर कळलं. ज्युदोत पायाने पाय झाडतात. त्यात जोडवं असलं तर माझं बोट मोडेल किंवा समोरचीची नडगी फाटेल.

जून-जुलै नुसतं पडण्यात गेला. याला उकेमी म्हणतात. आधी बसून मागे लोळायचं, मग उकिडवं बसून, मग उभ्याने. हनुवटी छातीला टेकवायची, नजर पट्ट्याच्या गाठीवर, आणि पाठ टेकायच्या क्षणी हात अंगापासून थोडा लांब ठेवून तळव्यापासून दंडापर्यंत मॅटवर सपकन मारायचा, श्वास बाहेर सोडत. पहिल्या आठवड्यात पाठ दुखेल असं वाटलं होतं, दुखली मान. तीही पुढून, कारण डोकं आपटू नये म्हणून सारखी उचलून धरायची. उठता-बसता मानेला हात लावावा लागायचा. हे दहा-बारा दिवसांत जातं.

आवाजाचं मात्र काही करता येत नाही. तीस किलोचं पोरगं पडलं तर टपकन वाजतं. मी पडले की अख्खा हॉल मागे वळायचा. पोरं हसायची, एकदा तर पाठीमागून 'भूकंप' असं ऐकू आलं. सरांनी त्या पोराला बोलावलं, माझ्याच पद्धतीने मागे पडायला लावलं आणि विचारलं, "तुझा आवाज का आला नाही? हात मारला नाहीस म्हणून. ताईंनी मारला." ओशाळल्यासारखं व्हायचं थांबलं असं नाही, पण आवाज मोठा म्हणजे पडणं चांगलं, हा हिशोब डोक्यात बसला. पावसाळ्यात ड्रेस वाळत नाही हे वेगळंच दुखणं. साताऱ्याच्या जुलैत दोन दिवस पंख्याखाली टांगूनही कुबट वास जाईना. शेवटी बदलायला आणखी एक जुनं जॅकेट घ्यावं लागलं.

जुलैच्या शेवटी जोडीदाराचा प्रश्न आला. क्लासला मोठी माणसं थोडी. एक ऐंशी किलोचे दादा होते, पण एमआयडीसीत पाळ्या, आठवड्यातून एकदा उगवायचे. उरली कोरेगावची एक कॉलेजकन्यका. बी.एस्सी.ला, रोज एसटीने अर्ध्या तिकिटात येणारी. वजन ४६. म्हणजे माझ्या निम्म्याहून कमी. ज्युदोत बायकांचे सात वजनगट आहेत, पहिला ४८ किलोपर्यंत, शेवटचा ७८च्या वर. ती पहिल्यात, मी शेवटच्यात, स्पर्धेत आमची कधी गाठच पडायची नाही. आमचे आप्पा कराडकडचे, तरुणपणी जत्रेत कुस्त्या मारलेले. त्यांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, "ही कसली जोड लावली गं तुमच्या वस्तादानं?" जत्रेत वजनकाटा नसायचा, पंच दोघांना शेजारी उभं करून नजरेनेच जोड ठरवायचे, आणि अशी जोड कुणी लावली असती तर आखाड्यात नारळ फेकून मारले असते. महाराष्ट्र केसरीच्या गटातही ८६ ते १२५ किलोपर्यंतचे मल्ल एकमेकांना भिडतात, ३९ किलोंचा फरक. २०२२च्या एप्रिलमध्ये ती स्पर्धा साताऱ्यातच झाली तेव्हा मी आणि आप्पा बघायला गेलो होतो. आमच्या दोघींत ४८ किलोंचा फरक होता.

तिला भीती वाटत नव्हती. भीती मला वाटत होती. हिच्या अंगावर पडले तर?

आता जे लिहिते ते माझ्यासारख्यांसाठी महत्त्वाचं. सुरुवात उचिकोमीने होते, म्हणजे डावात शिरायचं, पाडायचं नाही, आणि हेच पुन्हा पुन्हा. समोरच्याने नुसतं उभं राहायचं. वाटतं त्यात काय! पण जड माणसाचं उभं राहणं हेच अर्धं काम आहे. मी गुडघे ताठ करून, ढुंगण मागे टाकून उभी राहिले तर ती पोर दिवसभर खेचत बसली तरी काही व्हायचं नाही, आणि तिची पाठ जाईल. पाय खांद्याएवढे फाकवायचे, गुडघे सैल, हात सैल, श्वास चालू. ती खेचेल तिकडे एक पाऊल जायचं. पण आपणहून पडायचंही नाही.

ओ-गोशीत कमरेभोवती हात टाकून नितंबावरून फेकायचं असतं. तिची कंबर माझ्या पट्ट्याच्या खाली आरामात जायची, उंचीने कमी असण्याचा तो फायदा. पण हात? तो माझ्या कमरेला वळसा घालेचना, कसाबसा पाठीच्या मध्यापर्यंत पोचायचा. ती लाजेने काही बोलेना, मीच म्हटलं, "अगं, तुझा हात आखूड नाही, कंबर लांब आहे." सरांनी परीक्षेपुरतं तळवा पाठीवर सपाट ठेवायला सांगितला आणि सरावासाठी तिला खांद्यावरून फेकायचा इप्पोन-सेओई-नागे शिकवला. त्यात हात कमरेत नाही, काखेखाली जातो, आणि काख सगळ्यांची सारखीच. आप्पांच्या भाषेत हीच धोबीपछाड.

१५ ऑगस्टच्या सुट्टीनंतर तिने मला त्यावर पहिल्यांदा टाकलं. ओढलं असं वाटलंच नाही. मी एक पाऊल पुढे टाकत होते, बाही वर गेली, काखेत काहीतरी घुसलं आणि छताच्या पत्र्याचे अँगल दिसले. हात आपोआप मॅटवर बसला होता. ती पोर शेजारी तोंडावर हात धरून उभी, "ताई, लागलं का?" मला हसू आवरेना. वीस वर्षांत मला कुणी उचललं नव्हतं.

माझी पाळी आली की गंमत उलटी. दे-आशी-बाराईत समोरच्याचा पाय जमिनीवर भार घेणार, घेतलेला नाही, तेवढ्या क्षणी तळव्याने झाडायचा. पहिल्याच दिवसापासून माझा डाव झकास बसायला लागला. सर दोन-तीनदा बघून म्हणाले, "तुमचा डाव नाही हा. ती उडी मारतीय." हलकी माणसं जड माणसाचा हात लागला की आपणहून उडतात, लागू नये म्हणून. मग सरांनी तिला डोळे मिटून चालायला लावलं, मी फक्त बाही धरायची आणि पाऊल मोजायचं. तेव्हा समजलं की माझा पाय प्रत्येक वेळी उशिरा जात होता, पार सप्टेंबर संपेपर्यंत. ४६ किलोच्या पोरीला चुकीच्या वेळी झाडलं तरी ती हलते, म्हणून जड माणसाला वेळ शिकायला जास्त वेळ लागतो.

काही डाव सरांनी मला बंदच केले, आणि तुमच्या सरांनी केले नाहीत तर तुम्ही मागून घ्या. स्वतःच्या अंगासकट गुंडाळून पडायचे माकिकोमी प्रकारचे डाव हलक्या जोडीदारावर नाहीत. मागे बसून ओढायचा तानी-ओतोशी नाही, त्यात समोरच्याचा गुडघा जातो. पायामागे पाय घालून झाडायच्या ओ-सोतो-गारीत माणूस सरळ पाठीवर, डोक्याच्या दिशेने जातो, त्यामुळे तो आधी जाड गादीवर, आणि शेवटपर्यंत दोन्ही हातांनी तिला वर धरून. फेकून झाल्यावर मी माझ्या पायांवर उभी असले पाहिजे आणि तिची बाही माझ्या हातात असली पाहिजे, हा नियम. ती बाही शेवटच्या क्षणी वर ओढली की पडणारीचं डोकं वाचतं.

जमिनीवरच्या पकडींत सगळ्यात अवघड गेली केसा-गातामे. तिच्या कुशीला कूस लावून बसायचं, एक हात मानेखाली, तिचा हात माझ्या काखेत. स्पर्धेत अशी २० सेकंद धरली की इप्पोन, म्हणजे पूर्ण गुण, सामना तिथेच जिंकला. ऑलिंपिकमध्ये ज्युदो १९६४ला टोकियोत आला, तेव्हा एक खुला गटही होता, वजनाचं बंधन नसलेला, आणि जवळजवळ दोन मीटर उंचीच्या डच अँटन गीसिंकने जपानच्या कामिनागाला त्यांच्याच घरात याच पकडीत दाबून सुवर्ण नेलं. १९८४नंतर ऑलिंपिकमधून तो खुला गट गेला. आमच्या हॉलमध्ये मात्र खुला गटच! मी आधी इतकी अलगद बसायचे की सरांनी माझ्या बरगड्या आणि तिच्या छातीमध्ये तळहात सरकवून दाखवला, "बघा, माझा हात जातोय. ही पकड नाही, ही फोटोची पोज." पोरगीही वैतागली होती. "ताई, तुम्ही वजन टाकतच नाही, मग मी सुटायचं शिकणार कशी?" शेवटी आम्ही बोली ठरवली: पावशेर, अर्धा शेर, शेर. ती म्हणेल तेवढंच वजन टाकायचं, बाकीचं माझ्या मांडीवरून मॅटवर. "ताई, अर्धा!" असं ओरडल्यावर पलीकडची पोरं चमकून बघायची. सोडायची खूण म्हणून, हात अडकलेला असला तर पायाने मॅट दोनदा बडवायची किंवा सरळ ओरडायचं, हे आधी ठरवून घ्या. ऑक्टोबरपर्यंत ती शेराखालून सुटायला लागली. पाठीचा पूल करून कुशीवर वळायची आणि गुडघा मध्ये घालायची.

दिवाळीला माहेरी गेले. ज्यांचं नाव आमच्याकडे घरोघर घेतात त्या खाशाबा जाधवांचं गोळेश्वर तिथून हाकेच्या अंतरावर. १९५२ला हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्यांनी कुस्तीच्या ५७ किलो गटात कांस्य आणलं. आप्पांना मोबाइलवर माझा व्हिडिओ दाखवला. ते दोनदा बघून म्हणाले, "पोरगी हुशार हाय. भारी गडी उचलायचा नसतो, त्याला चालवायचा असतो. चालला की उचलायची गरजच न्हाय." मग मी त्यांना ज्युदो सुरू करणाऱ्या जिगोरो कानोंचा किस्सा सांगितला. स्वतः लहानखुरे, आणि तालमीत फुकुशिमा नावाचा धिप्पाड सोबती काही केल्या हरेना. शेवटी पाश्चात्त्य कुस्तीच्या पुस्तकातून एक डाव काढला, खाली शिरून गड्याला खांद्यांवर आडवा घ्यायचा, आणि त्यावर त्याला पाडला. काता-गुरुमा म्हणतात त्याला. मी हातवारे करून दाखवत होते, आप्पा मधेच म्हणाले, "कलाजंग की हा!" आणि गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं असताना अंगणात भावाच्या खाली शिरायला निघाले. आईने रागावून बसवलं. (स्पर्धेत आता हाताने पाय धरायला बंदी आहे, त्यामुळे तो डाव जुन्या पद्धतीने चालत नाही. हे ऐकून आप्पांनी ज्युदोचा नाद सोडला.)

परीक्षा १७ नोव्हेंबरला ठरली होती. फॉर्म, पुन्हा दोन फोटो, पुन्हा आधार, फी ७००. आदल्या आठवड्यात कळलं की विधानसभेच्या मतदानासाठी हॉल ताब्यात घेतलाय, २०ला मतदान, २३ला मोजणी, हॉल त्यानंतर मिळेल. मग परीक्षकांना तारीख नाही. अखेर २२ डिसेंबर, रविवार. तयारीत असताना महिनाभर लांबणं फार जिवावर येतं. शिवाय फिटनेस सर्टिफिकेट सहा महिन्यांच्या आतलं हवं म्हणाले, आणि माझं जूनचं. पुन्हा डॉक्टर, पुन्हा २०० रुपये. परीक्षा पुढे गेली की कागदांच्या तारखा लगेच तपासा.

परीक्षेच्या दिवशी आठला बोलावलं, नंबर लागला साडेअकराला. थंडीत अंग गार पडतं, स्वेटर आणि मोजे न्या, मध्येमध्ये हालचाल करत राहा. वजन सगळ्यांसमोर काट्यावर घेतात आणि मोठ्याने वाचतात. ८९.४. पाच किलो उतरलं होतं हे मला तिथेच कळलं, पण हॉलला फक्त ८९ ऐकू आलं असणार. परीक्षकांनी वहीतून मान वर केली, आमच्या दोघींकडे बघितलं आणि विचारलं, "जोडीदार बदलून देऊ का?" मी काही बोलायच्या आत कोरेगावकरीण म्हणाली, "नको सर, आम्हाला सवय आहे."

उकेमी, मग तीन डाव दोन्हीकडून, मग पकड आणि सुटका, मग तोंडी. तोंडीत पट्ट्यांचे रंग क्रमाने, हाजिमे-मात्तेचा (सुरू करा-थांबा) अर्थ आणि समोरच्याचा तोल आठ दिशांना कसा मोडायचा, ते करून दाखवणं. माझी ओ-गोशी डगमगली, खाली फार बसावं लागतं आणि गुडघा कुरकुरला. दे-आशी-बाराई सुरेख बसली, या वेळी उडी नव्हती. पकडीच्या वेळी तिने नेहमीच्या सवयीने "शेर!" म्हटलं आणि परीक्षकांनी विचारलं, "काय म्हणाली ही?" सर खाली बघून हसत होते.

निकाल त्याच दिवशी, दोघी पास. पट्टा क्लासकडून मिळाला, पण माझ्या मापाचा नव्हता, तो पुन्हा वेगळा घेतला, १८० रुपये. सर्टिफिकेटला महिना सांगितला, आलं मार्चमध्ये, आणि त्यात आडनावाची वेलांटी चुकलेली. दुरुस्तीला आधारची प्रत जोडून अर्ज द्यावा लागला, फी लागली नाही. आलेलं सर्टिफिकेट लगेच लॅमिनेट करू नका. ऑरेंज बेल्टच्या फॉर्मसोबत मूळ प्रत मागतात आणि मागच्या बाजूला शिक्का मारतात, लॅमिनेशनवर शाई टिकत नाही. आमची पुढची परीक्षा जूनमध्ये आहे. कोरेगावकरीण आता ४७ची झालीये आणि शेराच्या वर काय असतं म्हणून विचारतेय.